खुराखालची खाच

घोड्याच्या मागच्या खुराखाली तिळाएवढी खाच आहे, हे बारीक, म्हणजे दुकानात सगळे ज्याला ह्याच नावानं हाक मारत तो पारखी, लिहिणारच नव्हता. एवढ्याशा खाचेला कोण विचारतं? शेकडो वर्षं हातोहात फिरलेल्या नाण्यावर एकही ओरखडा नसेल तर उलट संशय घ्यावा. पण त्या सकाळी तो त्या नाण्याला काही म्हणजे काही माफ करणार नव्हता. एका हातानं नाणं कडेला धरून त्यानं दिव्याखाली तिरकं केलं, डोळ्याला भिंग लावलं आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी तो टाइप करत राहिला.

आयाळीवर किंचित झीज. स्वाराच्या गुडघ्यावर किंचित झीज. उजव्या बाजूला, कुणीतरी फडक्यानं पुसल्याच्या बारीक रेघा. मागच्या, झाडाच्या बाजूला काही नाही.

"काही नाही" हे त्यानं खोडलं. काही नाही कसं? पुन्हा बघितलं. काही नव्हतं.

"अजून चाललंय?" काका मागून जाता जाता म्हणाले. काका म्हणजे दुकानाचे मालक. सगळे त्यांना काकाच म्हणत, त्यांच्याहून मोठी गिऱ्हाइकंसुद्धा. "तपासायचंय रे. लग्न नाही करायचं त्याच्याशी."

"सोनं आहे काका. घाई नको."

"शेठचं दोन मिनिटांत झालं."

बारीकनं भिंग काढलं, शर्टाच्या टोकानं पुसलं आणि परत लावलं. मान वर केली नाही. वर केली असती तर चेहरा दिसला असता.

दुकान जुन्या वस्तूंच्या लिलावाचं होतं. घड्याळं, दिवे, आरसे, आणि सगळ्यात जास्त नाणी. सोन्याचं नाणं आलं की ते दोघांनी वेगवेगळं बघायचं, एकमेकांशी बोलायचं नाही, आपापली चिठ्ठी काकांच्या टेबलावरच्या लाकडी पेटीत टाकायची, आणि दुकान बंद करताना काका दोन्ही चिठ्ठ्या एकदम उघडायचे, असा इथला नियम. दोन्हीवर "अस्सल" असेल तरच नाणं लिलावात. एकानंही पाय मागे घेतला तर ज्याचं त्याला परत.

हे नाणं शेठनं, म्हणजे दुकानातल्या दुसऱ्या पारख्यानं, शोधलेलं. एका टेलरबाईंनी आपलं शिवणाचं दुकान बंद करताना जुन्या बटणांचा डबा आणून दिला होता, शिंपल्याची बटणं बरी आहेत, बघा काही येतंय का, म्हणून. डबा बारीकच्याच टेबलावर होता चांगला आठवडाभर. त्यानं वरवर चाळला आणि बाजूला सरकवला. मग शेठ आला, मूठभर बटणं उचलली, तळहातावर खेळवली, आणि म्हणाला, "ह्यातलं एक जड आहे."

बस. एवढंच. ह्यातलं एक जड आहे. आणि दुकानभर दिवाळीसारखा गलका. काका उठून आले, टेलरबाईंना फोन गेला, यंदाच्या छापील यादीच्या मुखपृष्ठावर हेच घ्यायचं ठरलं. बारीकही टाळ्या वाजवत होता. हात वाजत होते, नजर मात्र बटणांच्या डब्यावर होती.

खरं सांगायचं तर हे दुखणं बटणांच्या डब्याचं नव्हतंच. शेठ दुकानात आला तो खोकी बांधायला. शर्टाला इस्त्री नाही, खिसा उसवलेला, म्हणून बारीकनंच त्याला शेठ म्हणायला सुरुवात केली. नाणं बोटांच्या चिमटीत पोटाला नाही, कडेला धरायचं, हे बारीकनं शिकवलं. झीज आधी उंचवट्यावर येते, खोलात नाही. ओतलेलं नाणं असेल तर कडेवर सांधा सापडतो. टिचकी मारल्यावर आवाज रेंगाळला पाहिजे, हेही त्यानंच. त्याला स्वतःला हे कुणी शिकवलं नव्हतं. लायब्ररीतली फाटकी पुस्तकं, स्वतःची फजिती आणि डोळ्यांची आग, ह्यांतून एकेक गोष्ट त्यानं मिळवली होती. शेठला ती सगळी आयती मिळाली, आणि मिळाल्यावर तो दोन पावलं पुढं निघून गेला. बारीक तासभर बघून जे सांगायचा ते शेठ हातात घेतानाच सांगायचा. कसं कळलं विचारलं तर म्हणायचा, "माहीत नाही रे. चेहरा ओळखीचा वाटला." गुरूची विद्या गुरूला परत मिळते म्हणतात. इथं ती परत येत होती ती व्याजासकट, आणि तोंडावर.

त्यात खिडकीजवळची खुर्ची रिकामी झाली होती. तिथं बसणारे म्हातारे पारखी निवृत्त झाले. त्या खुर्चीतला माणूस जे म्हणेल ते दुकानाचं म्हणणं; लिलावाच्या प्रत्येक कागदावर त्याची सही. ही यादी छापायला गेली की कुणाला तरी बसवतो, असं काका म्हणाले होते. कुणाला, हे म्हणाले नव्हते. पण "शेठचं दोन मिनिटांत झालं" हे म्हणाले होते.

घरीही सुटका नव्हती. आदल्या दिवशी बायको म्हणाली, "शेठभावजी येऊन गेले. स्वयंपाकघरातला नळ गळत होता ना, बसवून दिला."

"मी करणार होतो."

"हो ना. तुम्ही त्याला बघत होता पंधरा दिवस."

ती हसली. तिनं काही मनात धरून म्हटलं नव्हतं. बारीक पाणी प्यायला उठला. नळ गळत नव्हता.

तर असा माणूस त्या नाण्यासमोर बसला होता. वजन बरोबर होतं. कस बरोबर होता. कडेवर सांधा नव्हता. टिचकी मारली तर नाणं असं खणखणीत वाजलं की शेजारच्या टेबलावरच्या घड्याळवाल्यानं मान वळवली. बारीकनं आयुष्यात एवढं बारकाईनं कधी काही पाहिलं नव्हतं. प्रेमानं पाहणारा माणूस थोडं सोडून देतो. जळणारा माणूस काही सोडत नाही.

आणि काहीच सापडेना, म्हणून त्यानं ती खाचही लिहायला घेतली.

घोड्याच्या मागच्या खुराखाली तिळाएवढी खाच, डावीकडे झुकलेली.

बोटं थांबली. हे वाक्य त्याच्या बोटांनी आपलं आपण टाइप केलं होतं. शब्द शोधावे लागले नव्हते. मागचा खूर, तीळ, डावीकडे. हे त्यानं ह्याआधी लिहिलं होतं. अगदी हेच, ह्याच क्रमानं.

मागच्या हंगामात. घोडेस्वाराचंच नाणं, सोन्याचंच, दुसऱ्याच कुणाकडून आलेलं. त्यानं खरं ठरवलेलं, दुसरी चिठ्ठी म्हाताऱ्या पारखींची. त्याच्या हातून गेलेलं सगळ्यात भारी नाणं ते. ह्याच रस्त्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी घेतलं होतं.

एकाच साच्यानं मारलेली दोन नाणी सारखी दिसणार, त्यात नवल नाही. पण खाच साच्यात नसते. खाच नंतर पडते. कुठंतरी आपटून, कुणाच्या तरी हातून, एकदाच. दोन नाणी एकाच जागी, एकाच कोनात, तिळाएवढीच आपटत नाहीत. दोन भावांचं नाक सारखं असू शकतं. भुवईवरचा टाका सारखा असू शकत नाही.

म्हणजे कुणीतरी खऱ्या नाण्यावरून नवा साचा पाडला होता. साच्यात ती खाचही उतरली, आणि मग त्या साच्यातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर. धंद्यात खऱ्या नाण्याला आई म्हणतात आणि त्यावरून निघालेल्यांना पिल्लं. पिल्लाचं सोनं खरं असतं, वजन खरं असतं. फक्त ते स्वतः खरं नसतं.

बारीक खुर्चीत मागे टेकला.

सापडलं.

किती दिवसांनी त्याला गार वारं लागल्यासारखं वाटलं. मुखपृष्ठावरचं नाणं, दोन मिनिटांत पारखलेलं, "ह्यातलं एक जड आहे" वालं: पिल्लू. आता काका चिठ्ठी उघडतील. आता त्यांचा चष्मा कपाळावरून खाली येईल. आणि आपण शेठबद्दल एक वाईट शब्द काढायचा नाही. होतं असं, म्हणायचं. घाईत होतं. हे वाक्य त्यानं मनात दोनदा म्हणूनसुद्धा पाहिलं, आवाज किती हळू ठेवायचा त्यासकट.

मग गार वारं थांबलं. कारण हे पिल्लू असेल, तर आई कोण? डॉक्टरांकडचं? असेलच. आपला तो बाब्या. पण दोन्ही पिल्लं असतील तर? आणि तिसरंही एक होतं, जे त्याच्या डोक्यात यायला धजत नव्हतं.

ते बघायला फार लागत नाही. खऱ्या खाचेत धातू सरकलेला असतो. ढेकळात पाय रुतला की कडेनं माती वर येते, तसा काठ वर आलेला असतो, आणि तळ खरखरीत. साच्यातून उतरलेली खाच मऊ असते. काठ नाही, तळाला आजूबाजूसारखीच चकाकी.

त्यानं दिवा खाली ओढला. भिंग बदललं. खुराखाली पाहिलं.

काठ होता. डाव्या बाजूला, नखालाही लागावा असा. 

दिवा बरोबर नसेल, म्हणून तो नाणं घेऊन दारापाशी उजेडात गेला. काठ तिथंही होता.

"कुठं निघालास?" घड्याळवाला म्हणाला.

"दात दुखतोय," बारीक म्हणाला. नाणं काकांकडे कुलपात दिलं, आणि निघाला.

डॉक्टरांच्या दवाखान्यात बाकावर गाल सुजलेली तीन माणसं बसली होती. डॉक्टर हातमोजे काढत बाहेर आले आणि बारीकला बघून खुलले.

"या या. दात की नाणं?"

"नाणं."

"बरं झालं. दात म्हणाला असतात तर रांगेत बसवलं असतं."

बाकावरचा एक गाल कण्हला. डॉक्टरांनी बारीकला आत घेतलं. कपाटात एका फळीवर पांढऱ्या जबड्यांचे साचे मांडून ठेवले होते, प्लास्टरचे, एकाशेजारी एक, सगळे हसल्यासारखे. त्यांच्या मागून डॉक्टरांनी एक मखमली डबी काढली.

"घरी ठेवत नाही मी हे. इथंच बरं. दाढ काढायच्या आधी पेशंटला दाखवतो. घाबरलेला माणूस असतो ना, त्याला कितीही सांगा, तोंड उघडत नाही. सोनं दाखवलं की आपोआप आ वासतो."

बारीकला हसायला हवं होतं. त्यानं डबी घेतली. नाणं कडेला धरलं. घोडा, स्वार, आयाळ. वर्षभरापूर्वी हे हातात घेतलं तेव्हा त्याला ते खाली ठेववेना. त्या रात्री त्यानं बायकोला झाड कसं आहे, पानं कशी आहेत, सगळं चादरीवर बोटानं काढून दाखवलं होतं.

भिंग लावलं. खुराखाली.

तीळ होता. डावीकडे झुकलेला. आणि मऊ. बाळाच्या गालावरच्या खळीसारखा मऊ, तळापर्यंत चकाकणारा. तिकडे जखम होती. इथं खळी.

"काय बघताय एवढं?" डॉक्टर जबड्यांच्या फळीवरून बोट फिरवत म्हणाले. रिकामं बसणं त्यांना जमत नसावं. "ह्याची गंमत सांगतो. हा बघा, पुढचा दात. टवका उडालाय. ह्या बाईंनी मला सांगितलं, डॉक्टर, साचा घ्या पण टवका घेऊ नका, लाज वाटते. म्हटलं, बाई, साचा काही निवडून घेत नाही. जे आहे ते सगळं येतं."

"हो," बारीक म्हणाला.

"तुम्हीही तीच जागा बघताय का?"

"कुठली?"

"घोड्याच्या पायाशी. तुमचा तो मित्र आला होता ना परवा, उंचसा, चुरगळलेला शर्ट. त्यानंही भिंग काढलं आणि तिथंच. मी विचारलं, काही भानगड आहे का? नाही म्हणाला. छान आहे म्हणाला, जपून ठेवा. फक्त कधी विकायचं मनात आलं तर आधी बारीकला सांगा, दुसऱ्या कुणाकडे जाऊ नका." डॉक्टर समाधानानं हसले. "चांगला मित्र आहे हो. स्वतः आला, पण गिऱ्हाईक तुमचं ठेवलं."

बारीकनं नाणं डबीत ठेवलं. झाकण नीट बसेना. डॉक्टरांनी ते हातातून घेऊन बसवलं.

"बसा जरा. काही खाल्लंय का?"

"उद्या येतो डॉक्टर. थोडं बोलायचंय."

"उद्या दात घेऊन या," डॉक्टर म्हणाले. "तुमचा चेहरा दात दुखत असल्यासारखाच दिसतोय."

रस्त्यानं परत येताना तो एका स्कूटरखाली येता येता राहिला. स्कूटरवाल्यानं त्याच्या डोळ्यांची चौकशी केली. बारीकला ते रास्तच वाटलं.

परवा. म्हणजे शेठला परवापासून माहीत होतं. परवापासून तो "काय म्हणतोस" म्हणत होता, डब्यातली भाजी पुढं करत होता, नळ बसवून देत होता. शेठनं हरवलं असतं तर चाललं असतं. माणूस हरतो, चार शिव्या देतो, झोपतो. पण हा पोरगा त्याला हरवायला तयारच नव्हता. उचलून कडेवर घेत होता. त्याचं बारीकला जास्त लागलं. नजर शेठची, नशीब शेठचं, आणि आता चांगुलपणाही शेठचाच. बारीकच्या वाट्याला मग ठेवलंय काय?

शेठ दुकानाच्या मागच्या जिन्यात बसला होता, पायरीवर चहाचा कप, शेजारी कपड्यात गुंडाळलेला डबा. बारीकला बघून सरकून जागा केली. बारीक बसला नाही.

"डॉक्टरांकडे गेलो होतो."

"दाढ?"

"शेठ."

शेठनं कपाकडे पाहिलं. "बस तरी."

"कधी दिसलं तुला?"

"बटणांत हात घातला तेव्हाच वाटलं, ह्याला मी कुठंतरी बघितलंय. मागच्या वर्षी तुझं नाणं मीच खोक्यात बांधलं होतं ना. मग खात्री करायला डॉक्टरांकडे गेलो."

"माझं पिल्लू आहे."

"तुझं काय त्यात? ज्यानं साचा पाडला त्याचं."

"मी खरं म्हणालो होतो."

"मीही म्हणालो असतो. तेव्हा जोडीला दुसरं कुठं होतं? एकट्या नाण्यावरची खाच म्हणजे नुसती खाच."

हे बरोबर होतं, आणि शेठनं ते बरोबर सांगितलं, म्हणून बारीकला आणखी राग आला. त्या मऊ तळाकडे तेव्हाही बघता आलं असतं. त्यानं खाच लिहिली होती. आत डोकावला नव्हता. नाणं आवडलं होतं ना.

"चिठ्ठीवर काय लिहिलंस?"

शेठनं कप उचलून एक घोट घेतला.

"दोन मिनिटांत लिहिलंस म्हणे. काय लिहिलंस?"

"खात्री नाही, असं."

वर कुणीतरी दार लोटलं, पुन्हा ओढून घेतलं. बारीक कठड्याला टेकला.

"तुला खात्री नाही? तुला?"

"ऐक ना. मी म्हणेन, आधी भरात होतो, नंतर नीट बघितल्यावर शंका आली. नाणं टेलरबाईंना परत जाईल. यादीत फोटो येणार नाही. डॉक्टर काही मुद्दाम शोधत बसणार नाहीत. दोन्ही नाणी कधी शेजारी यायचीच नाहीत. झालं."

"आणि खुर्ची?"

"तुला बसायचंय ना तिथं."

"तुला कुणी सांगितलं?"

शेठनं मान खाजवली. "वहिनींनी. म्हणजे त्या तसं नाही म्हणाल्या. नळ बसवत होतो तर म्हणाल्या, भावजी, तुमचं भांडण झालंय का? तुमचं नाव काढलं की हे पाणी प्यायला उठतात."

बारीकचे कान तापले. त्याला वाटलं होतं, हे आपलं आतलं आहे, कुलपातलं. ते तर घरात नळासारखं गळत होतं, आणि शेवटी तेही दुरुस्त करायला शेठच आला.

तो खाली पायरीवर बसला. दोघांच्या मध्ये डबा.

"एवढं चांगलं वागायला तुला सांगितलं होतं कुणी?"

"नाही कुणी."

"मग?"

"तू शिकवलंस मला सगळं. दुसरं काय करू?"

शेठनं डब्याचं कापड सोडलं, पुन्हा बांधलं. बारीक जिन्याच्या भिंतीकडे बघत होता. रंगाचा एक पापुद्रा सुटून लोंबत होता. त्याच्या डोक्यात काहीतरी जागेवर बसत नव्हतं. नेहमीची सवय. तो तेच तेच फिरवून बघत राहिला, कडेला धरून, आणि मग त्याला ते दिसलं.

"टेलरबाईंचं काय?" तो म्हणाला.

"काय म्हणजे?"

"त्यांचं नाणं खरं आहे. आई आहे ती. तू त्यांना परत देणार, शंका आहे म्हणून. त्या बाई उद्या ते कुणालाही देतील. वितळवायलासुद्धा देतील. खरं नाणं, शेठ. तुझ्या हातात आलेलं. आणि तू ते खोटं लिहिलंस."

"खोटं नाही लिहिलं. खात्री नाही लिहिलं."

"तुला खात्री होती."

शेठनं कप खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर काय चाललंय हे बारीकनं अगदी जवळून पाहिलं, दुकानातल्या कुठल्याही वस्तूकडे बघावं तसं. आधी उडवून लावायचा विचार. मग डोळे खाली. मग मानेपासून वर चढत गेलेला लालपणा. शेठला असं त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

"माझ्या लक्षातच नाही आलं," शेठ हळू म्हणाला. "मी तुझाच विचार करत होतो."

शेठची चूक. दोन वर्षांत पहिली, आणि तीही अशी भरभक्कम. बारीक ह्या दिवसाची वाट किती बघत होता. आला तर आला कसा, माया करताना झालेली चूक घेऊन. नीट आनंदही होऊ देईना. पण थोडा झालाच. खोटं कशाला बोला, झाला. आणि मग त्याला भूक लागल्याचं कळलं.

"भाजी कसली आहे?" त्यानं विचारलं.

"आज नुसतं लोणचं आहे."

बारीकनं डबा ओढला आणि खायला लागला. तोंडात घास ठेवूनच म्हणाला, "पेटी उघडायला अजून वेळ आहे. काकांना म्हण, माझी चिठ्ठी परत द्या, चूक झाली. अस्सल लिही. मीही तेच लिहितोय. खाचेसकट. आणि खाली, मागच्या वर्षी मी खरं ठरवलेलं नाणं ह्याचंच पिल्लू आहे, दुकानानं परत घ्यावं."

"खुर्ची जाईल तुझी."

"माझी कधी होती? बस तू. सही नीट कर मात्र. तुझं अक्षर म्हणजे कोंबडीनं पाय पुसल्यासारखं."

"डॉक्टरांकडे मी येतो बरोबर."

"नाही. तिथं मी एकटा जाणार. तिथं तरी मला एकट्याला जाऊ दे."

शेठ उठला. एक पायरी चढला आणि थांबला. खांदे जरा पडल्यासारखे. चुकलेला माणूस असाच उभा राहतो, हे बारीकला स्वतःवरून ठाऊक होतं. शेठ ते नव्यानं शिकत होता.

"बारीक, रागावू नकोस. पण परत कधी माझ्याकडून असं काही झालं, तर सांगशील ना? असं बाजूला बसवून?"

बारीकनं बोट चाटलं. डब्याचं झाकण लावलं.

"बाजूला बसवून नाही," तो म्हणाला. "आज सांगितलं ते शेवटचं. ह्यापुढं तुझी चूक सापडली ना, तर काकांना सांगेन, घड्याळवाल्याला सांगेन, त्या डॉक्टरांच्या बाकावरच्या सुजलेल्या गालांनाही सांगेन. आणि सगळ्यात आधी तुझ्या वहिनीला. शब्द देतो तुला."